फुंकऱ्याची फुंकर

चंद्रभान पुन्हा खुशालरावांच्या ओट्यावर बसला होता आणि प्रणाली त्याला चहा देत होती. समोरच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावरून श्यामला सगळं दिसत होतं, आणि त्याच्या पोटात दुखत होतं.

चंद्रभान त्याचा मावसभाऊ. जठारपेठेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. खुशालरावांची थोरली लेक साधना बंगळुरूला दिलेली. नातू दिसायचा तो मोबाइलच्या काचेत, आणि तोही अडकत अडकत. मग म्हातारा हाका मारायचा, "चंद्रभान, पाय रे बापा, पोट्टा पुन्हा थिजला!" चंद्रभान धावत यायचा. काम दोन मिनिटांचं, चहा अर्ध्या तासाचा.

धाकटी प्रणाली दोघांच्याही मनात भरली होती. गल्लीला हे ठाऊक होतं, खुशालरावांनाही असणार. पण त्या घरात लग्नाचं बोलणं बापाच्या तोंडून निघेपर्यंत कोणी काढत नसे. साधनाच्या वेळीही सुपारी घेऊन ते थेट मुलाच्या दारात उभे राहिले होते.

त्यात भर म्हणजे 'राक्षसदंगल'. मोबाइलवरचा हा खेळ अख्ख्या अकोल्याच्या पोरांना लागला होता. दोघांनी सहा-सहा राक्षस घ्यायचे आणि एकेक करून झुंजवायचे. तिथेही चंद्रभानच जिंकायचा. श्यामची झोप उडाली होती.

"तुह्यं नशीब हाये, दुसरं काही नाई," श्याम एकदा चिडून म्हणाला. "कशाचं डोकं अन् कशाचं काय! दांडगा राक्षस ज्याच्यापाशी, तो जिंकते."

"मंग तुह्या पाषाण सगळ्यात दांडगा. तरी तू काहून हरतो?"

"तुह्या त्या फुंकऱ्यामुळं."

फुंकऱ्या हा चंद्रभानचा लाडका. एवढासा, ना दात ना नखं. त्याला एकच विद्या यायची. त्यानं फुंकर मारली की समोरचा कितीही दांडगा असो, मैदानाबाहेर उडायचा.

"भित्र्याची चाल हाये ते," श्याम म्हणाला. "मारत तं नाई कोनाले."

"मारायचं कशाले?" चंद्रभान हसला. "ज्याच्यासंग लढून आपण जिंकत नाई, त्याले फकस्त तिथून घालवायचं. तो जिता राह्यते, आपलं काम होते. हेच तं डोकं हाये ह्या खेळात."

श्यामला ते हसू झोंबलं.

मग अमरावतीच्या स्पर्धेची बातमी आली. खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं ती भरवली होती. जिंकणाऱ्याला कंपनीत तीन वर्षांची नोकरी. खबर आणली चंद्रभाननंच, आणि श्यामचं नावही त्यानंच नोंदवलं. "एकटा जाऊन काय करू? चाल तू बी," म्हणाला. श्यामला वाटलं, भर सभेत आपल्याला हरवायची हौस आहे याला.

जायच्या आदल्या दिवशी प्रणाली मेथीचं बी घ्यायला दुकानात आली. पुडी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"नको जाऊ न अमरावतीले."

"काहून?"

"असंच. अन् गेला तं हरून ये. मले चालते."

श्यामच्या कानशिलात जाळ पेटला. चंद्रभान जिंकावा म्हणून ही आपल्याला अडवते आहे! त्यानं सुटे पैसे गल्ल्यावर आपटले.

"जिंकूनच येतो, पाय तू."

ती काहीतरी बोलणार होती. ओट्यावरून बापाची हाक आली आणि ती निघून गेली.

अमरावतीच्या सभागृहात दोघे भाऊ एकेक जण लोळवत शेवटच्या झुंजीत समोरासमोर आले. श्यामच्या बाजूला उरला एकटा पाषाण, तोही अर्धमेला. चंद्रभानकडे दोन राक्षस, त्यातला एक फुंकऱ्या. एक फुंकर पुरे होती. पाषाणच्या मागे दुसरं कोणी नव्हतं, तो उडाला की खेळ खलास.

चंद्रभाननं पडद्याकडे पाहिलं, मग श्यामकडे. आणि फुंकऱ्याला मागे ठेवून त्यानं दुसराच राक्षस पुढे केला. पाषाणनं त्याला चिरडलं. मग फुंकऱ्या आला, पण आता पाळी श्यामची होती; फुंकर निघायच्या आत पाषाणनं त्यालाही लोळवलं.

श्याम जिंकला! सभागृह ओरडत होतं. चंद्रभाननं त्याला कडकडून मिठी मारली. "मानलं गड्या तुले. आता तं कबूल कर, डोकं लागते म्हणून."

"लागते," श्याम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपला भाऊ आवडला. व्यासपीठावर त्यानं तीन वर्षं पुण्यात राहायचं लिहून दिलं, हार घालून घेतला, फोटो काढले. चंद्रभान थांबला नाही. "घरी सांगतो सगळ्याइले," म्हणत, फोन कानाला लावून त्यानं आधीची बस धरली.

श्यामची बस मूर्तिजापूरला तासभर खोळंबली. मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन तो मनात बोलणी रचत होता. पुण्याची नोकरी आहे म्हटल्यावर म्हातारा नाही कसा म्हणेल? आणि त्या वेळचं चंद्रभानचं तोंड!

दिवेलागणीला तो पोहोचला तेव्हा ओट्याखाली चपलांचा ढीग होता. आत मावशी होती, चार नातेवाईक होते. पाटावर चंद्रभान बसला होता, कपाळाला गंध, डोक्यावर टोपी. समोर तबकात फोडलेली सुपारी. प्रणाली दाराआड उभी होती, तिनं वर पाहिलं नाही.

खुशालरावांनी पेढा घेतला आणि तो हातातच ठेवला.

"नाव काढलं पोरा तू. पण एक लेक काचेत पायतो, दुसरीबी काचेतच पाहू काय? चंद्रभानचा फोन आला, तू लिहून देल्लं म्हणे. मंग थांबलो नाई मी." त्यांनी पाटाकडे मान वळवली. "इचार ह्याले. मागच्याच महिन्यात, तुमच्या त्या स्पर्धेच्या आधी, म्या ह्याले सांगतलं होतं, दिवाळी झाली की सुपारी श्यामच्या घरी न्यायची हाये."