जेवणासोबतची पावडर
वडील हृदयविकारानं गेल्याच्या चौथ्या दिवशी मूल गावातल्या घरी त्यांचं कपाट आवरताना रिनाला कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची आठ न उघडलेली पाकिटं सापडली. ती चंद्रपूरला आहारतज्ज्ञ होती. वर्षभरापूर्वी तिनंच वडिलांना पावडरीचा डबा आणून दिला होता. “यातले वनस्पतींचे स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, मंग ते रक्तात कमी जाते,” ती म्हणाली होती. “जेवणासोबतच घ्या बाबा. गोळ्या सोडू नका.” पाकिटं पाहून आई म्हणाली, “गोळ्याईनं पाय दुखत त्याईचे. म्हणत, पोरीची पावडर चरबी अडवूनच राह्यली, मंग गोळ्या काऊन?” रिनानं पाकिटं मांडीवर रचली. रडू येत नव्हतं. बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती. “पावडर एकाही जेवणाले नाई चुकवली त्याईनं,” आई म्हणाली. “काम करत होती ना ते?” “करत होती.” ‘थोडं’ हा शब्द तिनं गिळला.