रविवारची कोंबडी

“आजी, ओव्हन बिघडलेला न्हाई,” गहिनीनाथ मेकॅनिक मागचा पत्रा खोलून म्हणाला. “ही तांब्याची नळी आतली उष्णता वळखते, जास्त तापलं की करंट तुटतो. कुणीतरी ती क्लिपातून काढून बाहेर सोडतंय, म्हंजे करंट तुटतच न्हाई, अन् पुन्हा बसवतंय. हाताचं काम हाय हे.”

चांगुणाबाईंना मागचे रविवार आठवले. तरीच! आठवडाभर सून ज्ञानेश्वरी नानकटाई भाजायची, तेव्हा ओव्हन गाईसारखा गरीब. रविवारी मुलगा हर्षल कोंबडी भाजायला उभा राहिला, की मेल्याची नुसती भट्टी व्हायची. त्या दिवशी तो कुणाला ओव्हनजवळ येऊच देत नसे. गेल्या रविवारी तर वरची फळी काळी पडली.

त्यांनी वाकून बघितलं. रॉकेलचा डबा पुन्हा ओव्हनच्या टेबलाखाली! कालच तर गॅलरीत ठेवला होता. त्यांनी तो उचलून परत नेला.

पहिली सून मुक्ता याच स्वयंपाकघरात जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं चांगुणाबाईंनी पोलिसांना सांगितलं. पोराच्या हाताला रॉकेलचा वास येत होता, ते गिळून टाकलं. तान्ह्या नातवाला परकी आई नको, म्हणून मुक्ताचीच धाकटी बहीण करून आणली. तीच ही ज्ञानेश्वरी.

आता हिचाही जीव घेतो की काय? एकदा गप बसले, आता बसले तर देव तरी तोंड बघंल का माझं?

नळी जागेवर बसवून मेकॅनिक गेला. बाहेर हर्षल टीव्हीवर शनिवारचा मराठी पिक्चर बघत पडला होता. चांगुणाबाईंनी सुनेला दाराआड ओढलं.

“पोरी, बाळाला घे अन् आजच केडगावला माहेरी जा. नळी हर्षल काढतोय गं! उद्या रविवार. त्या ओव्हनजवळ फिरकू नको.”

“रविवारी मी कुठं फिरकते, आई?”

ज्ञानेश्वरी गॅलरीत गेली. रॉकेलचा डबा आणून टेबलाखाली होता तिथंच ठेवला. मग नानकटाईच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागचा पत्रा खोलला आणि नळी अलगद बाहेर सोडली.

“बाळाला घेऊन केडगावला तुम्ही जा,” ती म्हणाली. “अन् ताईच्या वेळी पोलिसांना जे सांगितलंत ना, तेच सांगा.”