वीतभर झालर

जुन्या मासिकातल्या नमुन्यावरून यमुना देव्हाऱ्याच्या पडद्याला जाळीची झालर करत होती. गाठ मात्र नवऱ्याकडून शिकलेली; भिकाजी जन्मभर काळी नावाच्या नदीत टाकायची मासळीची जाळी विणत आलेला. आजारपणानंतर त्याने बोलणंच टाकलं. डॉक्टर, मुलगा, नातू, कुणालाच दाद देत नसे. पण यमुनेची गाठ चुकली, की खाटेवरून गरजायचा, "सोड ती! बोटं हायत का मुसळं?" यमुना मुकाट सोडायची, पुन्हा बांधायची.

"आत्ती, पाडव्यापासून झालर वीतभरच?" सून पूर्णिमा हसली. "रोज कशा चुकता ओ?"

"न्हाई चुकले, तर ह्ये बोलनार कधी?" यमुना हळूच म्हणाली.

आज तिने आंधळ्यालाही कळेल अशी वेडीवाकडी गाठ मारली आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरली. भिकाजी कितीतरी वेळ बघत राहिला. मग मान डोलावून म्हणाला, "झ्याक झालीया."

अख्ख्या संसारात त्याने केलेलं हे पहिलंच कौतुक.

"अवो, नीट बघा की," यमुना त्याचा हात हलवत विनवू लागली. "चुकलीया ती. शिव्या द्या मला."