डावा हात

थिएटरपुढे ओलं सिमेंट पसरलं होतं. नामांकित नटनट्यांनी त्यात हातांचे ठसे उमटवायचे, ही हॉलिवूडची रीत. गुडघे टेकून बसलेल्या विल्माच्या कानाशी स्टुडिओचा मॅनेजर पुटपुटला, "फक्त उजवा हात हं, मॅडम."

डावा हात वीस वर्षं लांब हातमोज्यात होता. लहानपणी मासळीच्या कारखान्यात यंत्रानं त्याची दोन बोटं खाल्ली होती. पडद्यावर पाहून बायकांनी हौसेनं तसलेच हातमोजे शिवून घेतले. खरं कारण स्टुडिओबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

विल्मानं दातांनी हातमोजा ओढून काढला.

"अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. चेहरा तुम्ही घडवलात, हात माझा आहे." तिनं पंजा सिमेंटात दाबला.

आता तो स्टुडिओही उरला नाही. थिएटरपुढे येणाऱ्या मुली मात्र आजही आधी दोन बोटं दुमडतात आणि मगच त्या ठशात हात ठेवतात.