सहाव्या प्रकरणातल्या शंका

"त्या माणसाने आरशात पाहिलं, पूर्णविराम. रस्त्यावर मूल पडलं होतं, स्वल्पविराम, आणि दुधाची किटली गडगडत गटाराकडे चालली होती, पूर्णविराम. त्याने गाडी थांबवली नाही, पूर्णविराम."

भोंगा हस्तलिखित मोठ्याने वाचत होता आणि समोर बसलेली बाई प्रुफावर पेन्सिल फिरवत होती. छापखान्यात प्रुफं अशीच तपासली जायची, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने चुका धरायच्या. याचा आवाज यंत्रांच्याही वर जायचा, म्हणून हा भोंगा. तिला सगळे नुसतं बाई म्हणत.

पेन्सिल थांबली.

"काय झालं? वेलांटी चुकली?"

"परत वाचा."

त्याने परत वाचलं.

सात वर्षांपूर्वी बाईंनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला किटली देऊन दुधाला धाडलं होतं. वळणावर त्याला गाडीने उडवलं. गाडी सापडली नाही, किटलीही सापडली नाही. पंचनाम्यात किटलीचा उल्लेख नव्हता, पेपरात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणला असता तर वाचला असता.

पुस्तक होतं पाप, तारण आणि विश्वास साध्या माणसाला समजावून सांगणारं. लेखक दुसऱ्या शहरातला, शिबिरं घेत फिरणारा ख्रिस्ती उपदेशक. सहाव्या प्रकरणात हे उदाहरण दिलं होतं. एका माणसाने पाप केलं, माझ्यापाशी रडून कबूल केलं, प्रभूने त्याला धुऊन स्वच्छ केलं. झालं! मेलेल्या पोराला दीड ओळ आणि मारणाऱ्याच्या आसवांना दीड पान.

"हा उपदेशकच असणार," सगळं ऐकल्यावर भोंगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आपलं लफडं 'एका माणसा'च्या गळ्यात बांधायचं. जुनी युक्ती आहे. बाई, पोलिसांत जा."

"काय घेऊन जाऊ? पुस्तकातली गोष्ट? कबुली देणाऱ्याचं नाव मरेपर्यंत सांगणार नाही, असं त्याने प्रस्तावनेतच छाती ठोकून लिहिलंय." बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं. "पण शंकेला उत्तर देईल."

छापखान्याचा नियमच होता. तपासणाऱ्याने समासात शंका काढली की लेखकाने तिथेच उत्तर लिहायचं. त्याशिवाय पान छपाईला जात नसे. आणि लेखकाची जात अशी, की पोलिसाला दाद देणार नाही, पण आपलं लिखाण अर्धवट राहिलं म्हटलं की तोंड आपोआप उघडतं.

बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं: 'गाडी कुणाची? स्पष्ट नाही.' खाली: 'सदर व्यक्ती हयात आहे काय? काळ त्यानुसार बदलावा लागेल.'

तीन दिवसांनी प्रूफ परत आलं. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: 'गाडी मालकाची.' आणि: 'हयात आहे. प्रभूच्या कृपेने आता शांत झोपतो.'

"मालकाची म्हणजे त्याच्या चर्चची!" भोंगा टेबलावर थाप मारत म्हणाला. "तोच तो. बघा, मी म्हटलं नव्हतं?"

बाईंची पेन्सिल दुसऱ्या उत्तराखाली अडली होती. शांत झोपतो. सात वर्षांत त्यांची स्वतःची एक झोप सलग झाली नव्हती.

घरी नवरा जेवायच्या आधी डोळे मिटून बसला होता. पोर गेल्यावर दारूत बुडालेला हा माणूस कुठल्याशा प्रार्थनासभेत जाऊन सावरला होता. ड्रायव्हरची नोकरी सोडून आता गोदामात पोती उचलायचा. बाईंना त्याचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

"अहो, एक विचारू? क्षमा एवढी स्वस्त असते का?"

"स्वस्त नसते," तो डोळे न उघडता म्हणाला. "किंमत दुसऱ्याने भरलेली असते."

"म्हणजे आपल्या लेकराला मारून पळाला, त्यालाही मिळते?"

त्याने डोळे उघडले. पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "त्यालाही."

"तुम्ही केलीत त्याला माफ?"

"मी?" त्याचा आवाज फाटला. "मला नाही जमलं. अजून नाही."

सात वर्षांत पहिल्यांदा बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. निदान एवढ्या एका गोष्टीत हा माणूस आपला आहे, असं त्यांना वाटलं. प्रुफांचं मात्र काही सांगितलं नाही. सावरलेल्या माणसाला कशाला पुन्हा खड्ड्यात ढकला? आधी नाव हाती येऊ दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांसाठी अर्ज लिहिला. सगळं लिहिलं आणि नावापुरती जागा कोरी ठेवली. मग शेवटच्या प्रुफावर शेवटची शंका काढली. कारण विचारलं की माणूस खुलासा करायला बसतो आणि खुलासा करताना घसरतो, हे त्यांना वीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं.

'गाडी का थांबवली नाही? कारण दिल्याशिवाय पश्चात्ताप पटत नाही.'

शुक्रवारी पाकीट आलं. छपाई दुपारी सुरू व्हायची होती. भोंग्याने खुर्ची जवळ ओढली. "वाचू का मी?"

"नको. द्या इकडे."

उपदेशकाला प्रश्न फार आवडला होता. समास अपुरा पडेल म्हणून त्याने वेगळी चिठ्ठी जोडली होती. वर लिहिलं होतं, आपली शंका मार्मिक आहे, पुढील मजकूर घालून घ्यावा. बाईंनी अर्ज शेजारी ओढला, पेन उघडून उजव्या हातात धरलं आणि डाव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून, प्रूफ वाचावं तसं एकेक अक्षर वाचलं:

'तो प्यायलेला होता, नोकरी गेली असती; आणि घरी पोहोचून बायकोचा आक्रोश ऐकेपर्यंत त्याला वाटत होतं, की मूल दुसऱ्या कुणाचं तरी आहे.'