अर्धा फेरा

"सर, तुमचा हा प्रोग्राम शीर्षासन करतो का?"

नम्रताने विचारलं आणि घरापुढच्या खळ्यातल्या मैत्रिणी एकमेकींच्या पाठीआड तोंड लपवून खिदळल्या. हे विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती.

सड्याच्या कातळी माळावरची कातळशिल्पं नोंदवायला पुण्याहून आलेले कौस्तुभ सर मात्र हसले नाहीत. "म्हणजे फोटो फिरवला तरी ओळखतो का, असंच ना?" लॅपटॉपवर त्यांनी एक फोटो जरासा कलता केला. शेजारी तोच, सरळ. दोन्हींतल्या सारख्या खुणा जोडत हिरव्या रेघा सरसर उमटल्या. "बघ. लाखो फोटो बघून शिकलाय तो."

"आणि पार उलटा केला तर?"

तेवढ्यात बाबांनी ओटीवरून चहाला हाक मारली. सर उठले.

नम्रताला बसवेना. समोर पत्र्याचा बोर्ड सुकत होता: 'कु. नम्रता धनेश परब हिने शोधलेले कातळशिल्प'. उद्या तो सड्यावर लागणार. शेजारचे शंकरकाका सांगून दमले होते, "गे बाय, तेचो फोटो मीया सरांका पयलीच धाडललंय." पण प्रोग्रामने त्यांचा नि तिचा फोटो ताडून पाहिला, एकही रेघ काढली नाही. चित्र नवं ठरलं. तेव्हापासून बाबा वाडीभर काकांची टर उडवत होते.

लाखो फोटो. सगळे उभ्या माणसांचे, उभ्या घरांचे असणार. सड्यावर कोरलेला माणूस तर कातळाला पाठ लावून पडलेला. त्याचं वर-खाली बघणारा ठरवतो. आणि काका सड्यावर येतात पलीकडच्या पायवाटेने, चित्राच्या डोक्याकडून.

तिने काकांचा फोटो उघडला. अर्धा फेरा फिरवला. बटण दाबलं.

पडदा हिरव्या रेघांनी भरून गेला.

पूजा खांद्यावरून डोकावली. तिचं हसू विरलं. "मिटव तां," ती कुजबुजली. "कोणाक कळूचा नाय."

नम्रताचं बोट क्षणभर तिथेच अडलं. मग तिने लॅपटॉप उचलला आणि तसाच उघडा नेऊन ओटीवर चहाच्या कपांमध्ये ठेवला. सर खाली वाकले. वाकलेलेच राहिले.

"बाबा, तां चित्र शंकरकाकांचां."

"खुळी झालंस?" बाबा उसळले. "सगळ्या वाडीक आवतान गेलां!"

"जावंदे. सगळ्यांनी येवंदे." तिने आवाज खाली आणला नाही. "उद्या सड्यावर नारळ शंकरकाका फोडतले. मी आत्ताच त्यांका बोलवूक जातंय."

तिने पायात चपला सरकवल्या, दोन पावलं गेली आणि वळली.

"आणि बाबा, तुमी माझ्यावांगडा येतलास."