तीन बुक्क्या

बॅटरीची काळी वायर सुटली तेव्हा व्हॅनवाल्या काकांना वाटलं, चला, निम्मं काम झालं. पण वायरताईनं बॉनेटखालच्या डब्यातला रिले बोटांनी धरून हलवून पाहिला आणि काडेपेटीएवढा तो काळा ठोकळा जागचा हलेना, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

गाड्यांच्या वायरी जोडते म्हणून ती वायरताई. तिची मुलगी काकांच्या याच व्हॅनमधून शाळेत जायची, पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी बसून. एकूण चौदा मुलं. शाळा साडेतीनला सुटायची आणि गॅरेजच्या भिंतीवर सव्वादोन वाजले होते.

"पेट्रोलच्या पंपाला करंट हाच देतो," ती म्हणाली. "हा रुसला की गाडी चालता चालता बंद. पडली होती का कधी?"

"छे हो! जरा सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुरते, एवढंच."

खोटं बोलताना काकांनी उजवा हात खिशात घातला.

तिनं प्लॅस्टिकच्या तोंडाचा चिमटा घेतला, रिलेच्या दोन्ही कडा धरल्या आणि हलक्या हातानं वर ओढलं. चिमटा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. लवकर निघू दे रे बाबा, हिनं काही विचारायच्या आत निघू दे, एवढंच काकांच्या मनात. त्यांनी स्टुलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून पुढे केला.

"हा घाला ना खालून. एक दणका, की बाहेर."

"बाहेर येईल की! डब्यासकट येईल. मग महिनाभर व्हॅन इथंच." तिनं स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातून काढून लांब ठेवला. "आणि लोखंडी पकडीनं दाबला तर वरचं कवच हातात, आतलं आतच. काका, निघत नाही तो का निघत नाही, हे कळल्याशिवाय मी हत्यार उचलत नाही. धूळ असेल तर हवा मारते. गंज असेल तर स्प्रे." ती टॉर्च घेऊन वाकली आणि तशीच थांबली. "आणि कुणी अतिशहाणपणा केला असेल, तर त्यानं आपल्या तोंडानं सांगावं."

चोराच्या मनात चांदणं. टॉर्च डब्यावर होता, पण काकांना तो आपल्या तोंडावर आल्यासारखा वाटला.

दोन महिन्यांपूर्वी रिले सैल झाला होता. खड्डा आला की व्हॅन आचके द्यायची. काकांनी घरातली गमची नळी आणली आणि अख्खी त्यात पिळली. केवढी शेखी मिरवली होती बायकोपुढे! आता सांगावं, तर ही विचारणार, चिकटवलात कशासाठी? मग एकातून एक निघत आज सकाळपर्यंत येणार. न सांगावं, तर ही ओढत बसणार, डबा फुटणार. आणि समजा नाही फुटला, रिले तसाच राहिला, तर उद्या पुन्हा तेच रेल्वेचं फाटक. सकाळची फाटकाची घंटा अजून त्यांच्या कानात वाजत होती.

"गम आहे," ते शेवटी म्हणाले. "मीच लावला."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं खणातून नायलॉनचा बारीक दोरा काढला, रिलेच्या खालून घातला आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढत राहिली. गमचा पिवळा भुगा पडू लागला. दहा मिनिटांनी रिले अलगद तिच्या तळहातावर आला. त्याच्या तळाचा एक धातूचा पाय जळून काळा पडला होता.

"हा नीट टेकतच नव्हता," ती म्हणाली. "हा धक्क्यानं बंद पडणार आणि धक्क्यानंच चालू होणार." ती काकांच्या खिशाकडे बघत होती. "हात दाखवा."

काकांनी हात बाहेर काढला. बोटांची पेरं सोललेली होती.

"कुठं बंद पडली?"

"फाटकात. रुळांवर." "डब्यावरच्या तिसऱ्या बुक्कीला चालू झाली, ताई. आगगाडी यायला वेळ होता. नुसती घंटा सुरू झाली होती. मी मुलांना म्हटलं, गाणं म्हणा मोठ्यानं, मी आलोच."

वायरताईनं जळका रिले स्टुलावर ठेवला.

"तुम्ही बुक्क्या मारत होतात, तेव्हा मुलं कुठं होती?"

काकांनी मान खाली घातली. मुलं खाली उतरवली असती तर संध्याकाळपर्यंत घरोघर बोभाटा झाला असता. रुळांवर उभं राहून त्यांनी तेवढाच विचार केला होता.

"आत," ते म्हणाले.

नवा रिले अंगठ्यानं दाबला की बसतो. तिचा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. तिनं बॅटरीची वायर लावली, किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली. तिनं ती बंद केली, किल्ली काढून आपल्या खिशात टाकली आणि चिंधीला हात पुसले.

"चला. शाळेत चालत जायचंय. एकेकाला घरी सोडू."

"अहो ताई, आता तर गाडी ठणठणीत आहे!"

"गाडी आहे," ती म्हणाली आणि गॅरेजचं शटर ओढू लागली. "दारात प्रत्येकाची आई येईल. एका आईला सांगून झालं, काका. अजून तेरा राहिल्यात."